मध्यरात्रीचे टपाल आणि १४ सिलिंडर

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एके काळी मध्यरात्र हीच सर्वांत गजबजलेली वेळ असे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने येथे जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या ठिकाणी परतत. त्याच वर्षी जादा हशील न घेता साधी पत्रेही विमानाने जाऊ लागली. शहराच्या उत्तरेस, जरीपटक्यात, सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तेव्हा नव्याने संसार मांडीत होती. देशभर पांगलेल्या अशा आप्तांना एकमेकांचे क्षेमकुशल लवकर कळावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या सेवेचा मोठा भार डाकोटा विमानांनी वाहिला. आणि डाकोटाचा प्राण म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचे ‘ट्विन वास्प’ इंजिन. त्याची वंशावळ उद्बोधक आहे. राइट बंधूंचे १९०३ सालचे ४ सिलिंडरांचे, १२ अश्वशक्तीचे इंजिन चार्ल्स टेलर या मेकॅनिकने त्यांच्या सायकलच्या दुकानात सुमारे सहा आठवड्यांत घडविले. १९१७ सालचे ‘लिबर्टी’ ४०० अश्वशक्तीपर्यंत पोहोचले. परंतु ते पाण्याने थंड ठेवावे लागे. पाणी, नळ्या व रेडिएटर यांचे ओझे आणि गळतीची धास्ती कायमच. १९२५ साली फ्रेडरिक रेंट्श्लर यांनी नवा संसार थाटला. त्यांच्या ‘वास्प’मध्ये ९ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेले होते व समोरून येणारा वाराच त्यांना थंड ठेवी. पुढे ७-७ सिलिंडरांची दोन वर्तुळे एकामागे एक जोडून सुमारे १,२०० अश्वशक्तीचे ‘ट्विन वास्प’ सिद्ध झाले.

तथापि उत्तम आराखडा म्हणजे अभय नव्हे. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून निघालेल्या टपाल-विमानाचे एक इंजिन उड्डाण होताच दुबळे पडले आणि १३ जण प्राणास मुकले. इंजिनाची विश्वासार्हता कारखान्यात जन्मते. तिची जोपासना मात्र रात्रपाळीच्या तेलकट हातांनाच करावी लागते.

आज नागपुरातच, मिहानमध्ये, मोठ्या विमानांची देखभाल व दुरुस्ती होते. तरीही आपल्या शाळांतून मुलांना वैमानिकाचे चित्र दाखविले जाते, पाना धरणाऱ्याचे नाही. हाताच्या कौशल्याला दुय्यम लेखण्याचा हा दोष केवळ आपलाच नव्हे. ज्याने पहिले इंजिन घडविले तो टेलर वृद्धापकाळी इस्पितळाच्या धर्मादाय कक्षात पडून असल्याचे अमेरिकेला १९५५ साली कळले. पुढच्याच वर्षी तो वारला. त्या चुकीची पुनरावृत्ती टाळायची, तर कारागिराचा मान त्याच्या हयातीतच राखला पाहिजे, आणि त्याची सुरुवात वर्गातूनच झाली पाहिजे.