ऑगस्टमधल्या एका रात्रीचे भाडे

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर पाइनच्या झाडांखालचा शंभर चौरस मीटरचा एक तुकडा. कडेला विजेची पेटी, थोड्या अंतरावर नळ आणि न्हाणीघरे, झाडांपलीकडे समुद्र. जूनच्या मध्यावर एखादे निवृत्त डच जोडपे आपले मोटरहोम घेऊन येते, कॅम्पसाइटच्या कार्यालयात 'एसीएसआय'चे हंगामाबाहेर चालणारे सवलतीचे कार्ड दाखवते आणि रात्रीला वीस-पंचवीस युरो भरून मुक्काम करते. वीज, गरम पाणी, सोबतचा कुत्रा, सगळे त्यातच आले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच तुकड्यावर येणाऱ्या कुटुंबाला मात्र साठ युरो सहज मोजावे लागतात, आणि समुद्राला अगदी लागून असलेल्या चार-पाच तारांकित ठिकाणी त्याहून बरेच जास्त. युरोचा भाव शंभर रुपये धरला तर रात्रीचे सहा हजार. एवढे देऊन पाहुण्याला खोली मिळत नाही. खाट, शेगडी, फ्रिज, शौचालय, पाण्याची टाकी हे सारे त्याने स्वतःच्या चाकांवर बरोबर आणलेले असते.

तीन आठवड्यांचा हिशेब केला तर नुसत्या उभे राहण्याचे १,२६० युरो होतात. डिझेल आणि टोल वेगळे. मोटरहोम भाड्याने घेतले असेल तर ऐन हंगामात त्याचेच दिवसाला दीडशे युरोंच्या पुढे जातात. 'घर सोबत घेतले की प्रवास स्वस्तात होतो' असे मानून निघालेली कितीतरी कुटुंबे या आकड्यांपाशी येऊन थबकतात.

बिलाची रचनाही देशोदेशी वेगळी. फ्रान्समध्ये बहुधा ठोक दर असतो. एक जागा, एक वाहन आणि दोन माणसे त्यात धरलेली असतात. तिसऱ्या माणसाचे वेगळे, मुलाचे वेगळे, कुत्र्याचे वेगळे. शिवाय गावाचा पर्यटन कर आणि बऱ्याच ठिकाणी आरक्षणाचे शुल्क. जर्मनीत जागा, प्रत्येक प्रौढ, प्रत्येक मूल अशी सुटी आकारणी जास्त दिसते आणि वीज मीटरवर मोजतात. विजेचे गणित नवख्याला हमखास चुकवते. सहा अँपिअरची जोडणी म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॉट. फ्रिज आणि दिवे चालू असताना कुणी विजेची किटली लावली की पेटीतला खटका पडतो. दहा किंवा सोळा अँपिअर हवे असतील तर अनेक ठिकाणी त्याचे जादा पैसे पडतात.

त्यातही खरी अडचण सात रात्रींच्या अटीची. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या अनेक कॅम्पसाइट आठवड्याच्या हिशेबानेच आरक्षण घेतात, येणे-जाणे शनिवारीच. तंबू ठोकून तीन आठवडे एका जागी राहणाऱ्याला ते चालते. मोटरहोमवाल्याचा सगळा आनंद दर दोन दिवसांनी पुढे सरकण्यात असतो आणि ही अट नेमकी त्यावर येते.

दर एवढा का चढतो, हे समजून घ्यायला शाळांचे वेळापत्रक पाहावे. हिवाळ्यात आणि वसंतात फ्रान्समधल्या शाळांच्या सुट्ट्या तीन विभागांत विभागलेल्या असतात. उन्हाळ्याची सुट्टी मात्र साऱ्या देशाला एकदम, जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंत. जर्मनीतल्या राज्यांनी १९६४ च्या हॅम्बुर्ग कराराने सुट्ट्या पुढेमागे ठेवायचे ठरवले. म्हणून एखाद्या राज्याची शाळा जूनच्या अखेरीस सुटते, तर बव्हेरियाची सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. नेदरलँड्सचेही तीन विभाग आहेत. इटलीत १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो सणाच्या आसपास कारखाने आणि दुकाने बंद ठेवून लोक समुद्र गाठतात. ही सगळी वेळापत्रके एकमेकांवर ठेवली तर जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचा पूर्वार्ध या पट्ट्यात सर्वांत जास्त सुट्ट्या एकत्र येतात. फ्रान्समध्ये १९७६ पासून 'बिझों फ्युते' ही सरकारी सेवा रस्त्यांवरच्या गर्दीचा अंदाज रंगांत सांगते. तिचा सर्वात वाईट रंग काळा, आणि तो बहुधा याच पट्ट्यातल्या शनिवारांच्या वाट्याला येतो.

मागणी एवढी असेल तर नव्या जागा का निघत नाहीत? किनारा वाढत नाही, हे एक कारण. दुसरे कारण कायद्याचे. फ्रान्सच्या ३ जानेवारी १९८६ च्या किनारा कायद्याने वस्तीबाहेरच्या भागात समुद्रापासून शंभर मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर मोठे निर्बंध घातले. या कायद्याने फ्रान्सचा किनारा सिमेंटच्या भिंतींपासून वाचवला, यात शंका नाही. पण समुद्राजवळच्या जुन्या कॅम्पसाइट त्यामुळे दुर्मीळ झाल्या, आणि दुर्मीळ मालाला भाव येतोच.

तिसरे कारण कॅम्पसाइटच्या आतच आहे. फ्रान्समध्ये साडेसात हजारांच्या आसपास कॅम्पसाइट आहेत. युरोपात एवढ्या कुठेही नाहीत. पण त्यांच्यातल्या मोकळ्या जागा हळूहळू 'मोबिल-होम' गिळत चालले आहेत. नाव फिरते असले तरी ही तयार घरे वर्षानुवर्षे एका जागी उभी असतात आणि आठवड्याच्या भाड्याने दिली जातात. ऑगस्टमध्ये अशा घराचे आठवड्याला हजार युरो सहज मिळतात. मालकाने रिकाम्या गवताच्या तुकड्याचे साठ युरो घ्यावेत की त्यावर घर ठेवून दीडशे, हा हिशेब फार अवघड नाही. सान्दाया, कापफन यांसारख्या साखळ्या याच हिशेबावर वाढल्या. पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, संध्याकाळचे कार्यक्रम यांचा खर्च मोकळ्या जागेच्या दरातही मिसळतो, आणि ज्याला फक्त रात्र काढून सकाळी निघायचे आहे तोही घसरगुंडीचे पैसे भरतो.

इकडे वाहने मात्र वाढतच आहेत. जर्मनीत २०२० च्या सुरुवातीला नोंदणी असलेली मोटरहोम सहा लाखांच्या आत होती. २०२४ च्या सुरुवातीला ती नऊ लाखांच्या वर गेली. कोरोनाच्या काळात विमाने आणि हॉटेले बंद पडली तेव्हा लोकांनी घेतलेली ही घरे आता दर उन्हाळ्यात एकाच वेळी दक्षिणेकडे निघतात.

कॅम्पसाइट चालवणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. त्यांची बरीचशी कमाई आठ-दहा आठवड्यांत होते, आणि खर्च बारा महिन्यांचा असतो. झाडांची निगा, सांडपाणी, न्हाणीघरांची दुरुस्ती, हंगामी कामगारांचा पगार, विमा. त्यात आगीचा धोका वेगळाच. जुलै २०२२ मध्ये फ्रान्समध्ये आर्काशोंजवळ ला तेस्त-द-ब्यूशच्या जंगलात वणवा पेटला. पिला या युरोपातल्या सर्वात उंच वाळूच्या टेकडीच्या पायथ्याच्या पाच कॅम्पसाइट त्यात जवळजवळ पूर्ण जळाल्या. हजारो पाहुण्यांना रात्रीच बाहेर काढावे लागले. २००६ च्या 'कॅम्पिंग' या लोकप्रिय फ्रेंच चित्रपटामुळे घरोघरी माहीत झालेले 'फ्लो ब्लू' हे नावही त्या पाचांत होते. अशा आगीनंतर पाइनच्या सावलीची किंमत झुडपे काढण्याच्या मजुरीत आणि विम्याच्या हप्त्यात मोजावी लागते, आणि ती शेवटी पाहुण्याच्या बिलात उतरते.

एड्रियाटिक किनाऱ्यावरचे चित्र याहून तीव्र आहे. 'एडीएसी' ही जर्मन वाहनचालकांची संघटना दोन प्रौढ आणि दहा वर्षांचे एक मूल असे कुटुंब धरून ऐन हंगामातल्या एका रात्रीचा सरासरी खर्च देशवार मांडते. अलीकडच्या वर्षांत त्या यादीत क्रोएशिया, इटली आणि स्वित्झर्लंड सर्वांत महाग ठरले आहेत, साठ युरोंच्या आसपास. जर्मनी चाळिशीच्या आत राहिला आहे. क्रोएशियाचे इस्त्रिया हे द्वीपकल्प म्युनिकहून गाडीने एका दिवसात गाठता येते. १ जानेवारी २०२३ ला क्रोएशियाने युरो स्वीकारला आणि त्याच दिवशी तो शेंगेन क्षेत्रातही आला. नोटा बदलण्याची कटकट संपली आणि सीमेवरची कायमची तपासणीही उठली. एकेकाळी स्वस्त म्हणून जर्मन आणि ऑस्ट्रियन कुटुंबे ज्या किनाऱ्यावर जात, तिथे आता समुद्राकडच्या पहिल्या रांगेचा दर वेगळा आणि मागच्या रांगेचा वेगळा. कॅम्पसाइटबाहेर गाडीत झोपायला तिथे बंदी आहे आणि दंडही जबर आहे.

मग बाहेर कुठेही गाडी लावून का झोपू नये? बहुतेक देशांनी ती वाट अरुंद करत आणली आहे. फ्रान्समध्ये समुद्रकिनाऱ्यावर कॅम्पिंगला बंदी आहे, आणि किनाऱ्याजवळच्या अनेक वाहनतळांच्या तोंडाशी उंच गाडी आत जाऊ नये म्हणून आडवा दांडा लावलेला असतो. पोर्तुगालने २०२१ च्या आरंभी अधिकृत ठिकाणांबाहेर रात्र काढण्यावर सरसकट बंदी घातली. ओरड झाल्यावर त्याच वर्षी ती सैल करून एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांपर्यंत मुभा दिली. संरक्षित आणि किनारी भाग मात्र वगळले. जर्मनीत चालकाने थकवा घालवायला एक रात्र गाडीत झोप घेतली तर चालते, पण बाहेर खुर्च्या मांडल्या की ते कॅम्पिंग ठरते.

मोटरहोमवाल्यांना खरा आधार मिळाला तो साध्या तळांचा. जर्मनीत त्यांना 'श्टेलप्लात्स' म्हणतात, फ्रान्समध्ये 'एर'. मोझेल नदीकाठच्या द्राक्षमळ्यांच्या गावांत असे तळ ओळीने लागतात. नदीकडे तोंड करून गाडी लावायची, यंत्रात दहा-पंधरा युरो टाकायचे, पिण्याचे पाणी नाण्यावर, शौचालयाची टाकी रिकामी करायला ठरलेली जागा. तलाव नाही, संध्याकाळचे कार्यक्रम नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी जून आणि ऑगस्टच्या दरात फरकही नाही. पाहुणा संध्याकाळी गावात जेवतो, सकाळी मळ्यातून वाइनच्या चार बाटल्या घेतो. गावाला परवडते आणि पाहुण्यालाही. फ्रान्समध्ये १९९३ पासून चालणारी 'फ्रान्स पासियों' ही योजना त्याच्याही पुढे जाते. वार्षिक वर्गणी भरली की द्राक्षमळेवाले, चीज करणारे, शेतकरी आपल्या आवारात एक रात्र फुकट उभे राहू देतात. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्यातल्या एका सवलतीमुळे मान्यताप्राप्त क्लब आपल्या सभासदांसाठी शेतांवर पाच गाड्यांपुरत्या छोट्या जागा प्रमाणित करू शकतात. तिथला दर मोठ्या कॅम्पसाइटच्या निम्म्यावरही येतो.

पण चार माणसांच्या कुटुंबाला, लहान मुलांना, तंबूवाल्यांना नदीकाठचा डांबरी तळ पुरत नाही. त्यांच्यासाठी फ्रान्सने एक सुंदर व्यवस्था उभी केली होती: गावाच्या नगरपालिकेची कॅम्पसाइट, 'कॅम्पिंग म्युनिसिपाल'. तिचे मूळ १९३६ मध्ये आहे. त्या वर्षी डाव्या पक्षांच्या पॉप्युलर फ्रंट आघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि आयुष्यात समुद्र न पाहिलेली कुटुंबे सायकली आणि तंबू घेऊन निघाली. १९५६ मध्ये तिसरा आठवडा मिळाला, १९६९ मध्ये चौथा, १९८२ मध्ये पाचवा. गावोगावच्या पालिकांनी नदीकाठी, क्रीडांगणाच्या शेजारी स्वच्छ, साध्या, स्वस्त जागा काढल्या. आजही फ्रान्सच्या अंतर्भागात ऑगस्टमध्ये वीस युरोंच्या आत रात्र निघेल अशा पालिकेच्या कॅम्पसाइट सापडतात. पण न्हाणीघरे जुनी झाली, दुरुस्तीला पैसा नाही, म्हणून अनेक पालिकांनी त्या खासगी साखळ्यांना चालवायला दिल्या, काहींनी विकल्या, काहींनी बंद केल्या. किनाऱ्यावरची अशी प्रत्येक जागा हातची गेली की साध्या पगाराच्या एका घराची सुट्टी आणखी आत, समुद्रापासून दूर ढकलली जाते. दरवाढीच्या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त काळजी करण्याजोगी गोष्ट हीच आहे. दुसरीकडे, नेदरलँड्सने २०२६ पासून हॉटेलांसारख्या मुक्कामावरचा मूल्यवर्धित कर ९ वरून २१ टक्क्यांवर नेताना कॅम्पिंगला जुन्याच दरात ठेवले. सरकारने मनावर घेतले तर ही सुट्टी राखता येते, हे त्यातून दिसते.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी या दरपत्रकात एक सोयीची गोष्ट दडलेली आहे. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी युरोपच्या कॅम्पसाइटसाठी अजून हंगामाबाहेरची असते. सवलतीची कार्डे तेव्हा चालतात आणि सात रात्रींची अट नसते. साडेतीन टनांपर्यंतचे मोटरहोम साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. मेमध्ये दोन-तीन लांब शनिवार-रविवार तेवढे टाळावेत: असेन्शन आणि पेंटेकॉस्ट या सणांच्या सुट्ट्यांना जर्मन आणि डच कुटुंबे बाहेर पडतात आणि चार दिवस दर उसळतात. दिवाळीच्या सुट्टीचा मात्र उपयोग होत नाही, कारण ऑक्टोबर उजाडला की उत्तरेकडच्या आणि डोंगरातल्या पुष्कळ कॅम्पसाइटच्या फाटकांना कुलूप लागते.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतःचे धोरण आणले. त्यात वाहनांबरोबर ती उभी करण्याच्या कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे. कोकणात गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर असे पार्क उभे राहतील तेव्हा नाताळच्या आठवड्यात तिथल्या एका रात्रीचे भाडे किती असावे, आणि त्यातल्या काही जागा ग्रामपंचायतीच्या हाती राहाव्यात का, हे आज जमिनी मोकळ्या असतानाच ठरवता येईल.