चाळिशीची जन्मकथा

चष्म्याला मराठीत 'चाळिशी' असे एक जुने नाव आहे. हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. आपल्या डोळ्यातील भिंग लहानपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगते, दूरचे पाहताना चपटे होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास पुरेसे फुगेनासे होते. मग माणूस कागद हातभर लांब धरून वाचू लागतो. अशा वेळी डोळ्यापुढे बहिर्गोल भिंग धरले, की प्रकाशकिरण आधीच थोडे वळतात आणि डोळ्याचे अपुरे राहिलेले काम पुरे होते.

आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु ती सुचण्यास मानवाला फार काळ लागला. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम या अरब शास्त्रज्ञाने प्रकाश व दृष्टी यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे लॅटिन भाषांतर युरोपात गेले. पुढे १२६७ च्या सुमारास रॉजर बेकन या इंग्लिश साधूने लिहिले, की अक्षरांवर काचेचा गोलखंड ठेवला तर ती मोठी दिसतात व म्हाताऱ्यांची सोय होते.

प्रत्यक्ष चष्मा मात्र इटलीत जन्मला. १३०६ साली फ्लॉरेन्स येथे प्रवचन करताना जॉर्दानो या साधूने सांगितले, की ही कला निघून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. पहिला चष्मा करणाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याने आपली विद्या कोणाला दिली नाही. परंतु पिसा येथील मठातील अलेस्सांद्रो देल्ला स्पीना या साधूने तसाच चष्मा स्वतः तयार केला आणि आनंदाने ती कला सर्वांना शिकविली. स्पीना १३१३ साली वारला. मठाच्या बखरीत त्याच्या या औदार्याची नोंद आहे.

ते पहिले चष्मे नाकावर चिमटून किंवा हाताने धरावे लागत. कानांवर टेकणाऱ्या काड्या यायला अठरावे शतक उजाडले. दूरचे न दिसणाऱ्यांसाठी अंतर्गोल भिंगे पंधराव्या शतकात आली. भिंगाने दृष्टी का सुधारते, याचा उलगडा केप्लरने १६०४ मध्ये केला. म्हणजे कारागीर पुढे आणि शास्त्र मागे!

आमच्याकडे चष्मा ही शिकलेल्या माणसाची खूण मानतात. माझी आई शाळेत गेली नाही. "मला कुठं वाचायचंय? चष्मा काय करू?" असे ती म्हणते. पण धान्य निवडताना खडा दिसायला आणि गोधडी शिवताना सुईत दोरा ओवायला डोळेच लागतात. २०१८ साली आसामातील चहामळ्यांतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात चाळिशी उलटलेल्या काही मजुरांना चष्मे दिले होते. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. ते मजूर काही पोथ्या वाचत नव्हते!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात, चाळिशीचा दोष असून त्यावर उपाय न झालेल्यांची संख्या ८२ कोटींहून अधिक दिली आहे. यांतील बहुतेकांना साधा चष्मा पुरेल. तेव्हा स्पीनाने हाती घेतलेले वाटपाचे काम सातशे वर्षांनंतरही पुरे व्हायचे आहे, असेच म्हटले पाहिजे.