आधी गाजावाजा, मग गाणं: सिग सिग स्पुटनिकचे चाहते खरंच फसले होते का?

पीएचडीसाठी 'आठवणी' हा विषय घेतल्यापासून मला एक खोड लागली आहे. कुणी "आमच्या वेळची गाणी काय होती!" असं म्हणालं की मी कान टवकारते. कारण या वाक्यात गाण्याबद्दल थोडं आणि मेंदूबद्दल बरंच काही असतं.

मध्यंतरी डेव्हिड बोवीची गाणी लावून डेटा साफ करत बसले होते. अचानक एक विचित्र, धडधडणारं गाणं लागलं: 'लव्ह मिसाइल एफ वन-इलेव्हन'. शोधलं तर कळलं की बोवीने ते २००३ मध्ये गायलं असलं तरी मूळ गाणं त्याचं नाहीच. ते १९८६ मधलं, सिग सिग स्पुटनिक नावाच्या ब्रिटिश बँडचं. मग काय, काम राहिलं बाजूला आणि मी त्या बँडच्या जुन्या चाहत्यांच्या आठवणी वाचत बसले. ही मंडळी आता पंचावन्नच्या आसपासची. त्यांच्या बोलण्यात दोन सूर हमखास ऐकू येतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा एकाच माणसाच्या बोलण्यात. एक, काय भन्नाट प्रकार होता तो! आणि दोन, आपल्याला तेव्हा चक्क गंडवलं गेलं का?

हा दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सोळाव्या वर्षी जीव टाकलेली गोष्ट ही निव्वळ जाहिरातबाजी होती असं चाळीस वर्षांनी वाटू लागलं, तर माणूस त्या बँडवर शंका घेतोच, पण आपल्या स्वतःच्या आवडीवरही घेतो. संशोधन याबद्दल काय सांगतं ते बघूया.

आधी थोडा इतिहास

टोनी जेम्स हा बिली आयडॉलच्या जोडीने 'जनरेशन एक्स' या पंक बँडमध्ये बास वाजवायचा. तो बँड फुटल्यावर त्याने नवा बँड उभा केला, तो जवळपास उलट्या क्रमाने: आधी रूप, मग बातमी, मग संगीत. बँडचं नाव घेतलं मनिलातल्या एका टोळीवरून. गायक मार्टिन डेगव्हिल हा कपड्यांच्या दुनियेतला माणूस. गिटारवर नील एक्स, आणि ड्रम वाजवायला एक नाही, दोघं. आकाशाला भिडणारे रंगीत केस, चेहऱ्यावर जाळी, उंच टाचांचे बूट. रस्त्यावरून गेले तर गाडी थांबवून बघावं असा अवतार.

१९८५ मध्ये ईएमआय कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. ४० लाख पौंडांचा करार, असे मथळे झळकले. खरी रक्कम त्याच्या जवळपासही नव्हती, पण मथळा आपलं काम करून गेला. १९८६ च्या सुरुवातीला 'लव्ह मिसाइल' आलं आणि ब्रिटनच्या यादीत थेट तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. निर्माता कोण, तर डिस्कोचा बादशहा जॉर्जिओ मोरोडर. पुढचं गाणं विसाव्या क्रमांकावर अडकलं. 'फ्लॉन्ट इट' हा अल्बम पहिल्या दहात आला. त्यात दोन गाण्यांच्या मधली जागा त्यांनी चक्क जाहिरातींना विकली होती! १९८८ मधल्या एका गाण्याचं नावच 'सक्सेस' होतं. ते पहिल्या तिसातही आलं नाही. १९८९ चा दुसरा अल्बम त्याहून खाली राहिला आणि बँड विखुरला.

म्हणजे रॉकेट उडालं खरं, पण कक्षेत टिकलं नाही. असं का होतं?

गाजावाजा काय विकत घेऊ शकतो?

मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंटरनेटवर त्यांनी एक छोटा 'संगीतबाजार' मांडला. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि १४ हजारांहून जास्त श्रोते. ऐका, आवडलं तर डाउनलोड करा. काही श्रोत्यांना इतरांनी काय घेतलं हे दिसत नव्हतं. बाकीचे आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलेले होते, आणि तिथे आपल्या जगात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालंय हा आकडा दिसायचा.

निकाल असा: आकडे दिसू लागले की हिट गाणी जास्तच हिट होतात आणि पडलेली जास्तच पडतात. शिवाय एका जगात वर असलेलं गाणं दुसऱ्या जगात खाली असू शकतं. अगदी उत्तम गाणी सहसा आपटत नाहीत, अगदी सुमार सहसा चढत नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकतं.

आपल्या बँडसाठी याहून मोलाचा आहे तो सॅल्गानिक आणि वॉट्स यांचा २००८ चा प्रयोग. यात त्यांनी श्रोत्यांना सरळ खोटं सांगितलं. मध्येच आकडे उलटे केले: सगळ्यात कमी डाउनलोड झालेलं गाणं पहिल्या नंबरवर आणि पहिलं शेवटी. थोडक्यात, प्रयोगशाळेत तयार केलेला ४० लाख पौंडांचा मथळाच! पुढे काय झालं? बहुतेक गाण्यांच्या बाबतीत ती खोटी लोकप्रियता खरी होत गेली. मात्र जी गाणी लोकांना खरोखर सगळ्यात जास्त आवडत होती, ती हळूहळू पुन्हा वर चढली. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात बोचली: आकडे उलटे केलेल्या जगांत एकूण डाउनलोडच कमी झाले. लोक पुढे केलेली सुमार गाणी ऐकत होते आणि काहीच न घेता निघून जात होते.

प्रयोग म्हणजे काही १९८६ चं लंडन नव्हे, हे मान्य. तरी माझं वाचन असं: गाजावाजा पहिलं ऐकणं विकत घेऊ शकतो. दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटणं मात्र गाण्यालाच कमवावं लागतं. 'लव्ह मिसाइल' ते कमवू शकलं, म्हणूनच बोवीला ते सतरा वर्षांनी गावंसं वाटलं. पुढच्या गाण्यांना तितकं जमलं नाही.

आधी गोड, नंतर गोड, मधे मात्र…

आता चाहत्यांकडे येऊ. १९९७ मध्ये टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी लोकांना सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर प्रश्न विचारले. त्यातला एक गट कॅलिफोर्नियात तीन आठवड्यांच्या सायकल सहलीवर होता. लोकांची सुट्टीआधीची अपेक्षा आणि नंतरची आठवण, या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष अनुभवापेक्षा जास्त गोड निघाल्या. दमणूक, वैताग, छोट्या कटकटी हे सगळं मधल्या काळात असतं, आणि आठवणीतून तेच आधी गळतं. आपल्या ट्रेकचंही तसंच होतं ना? चढताना शिव्या, आणि पुढच्या महिन्यात "पुन्हा जाऊया रे!"

सिग सिग स्पुटनिकने तर अपेक्षेचाच धंदा केला होता. म्हणजे चाहत्याला दोन्ही टोकं गोड मिळाली: आधीची उत्सुकता आणि आताची आठवण. मधला अपेक्षाभंग सगळ्यात आधी पुसट झाला.

आणि वय

१९८६ मध्येच, म्हणजे 'लव्ह मिसाइल' गाजत होतं त्याच वर्षी, डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी एक गोष्ट मांडली. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले की किशोरवय ते तिशीपर्यंतच्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो. याचं कारण अजून वादात आहे. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी पक्क्या बसतात म्हणा, किंवा 'मी कोण' हे त्याच वयात ठरतं म्हणून म्हणा.

कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये यात आणखी एक भर घातली. त्यांच्या विशीतल्या सहभागींना आपल्या काळातली गाणी जवळची वाटलीच, पण आई-वडील तरुण असतानाची गाणीही वाटली. हे वाचून मी हसले. माझे बाबा बरोबर त्याच वयाचे आहेत, १९८६ मध्ये सोळाचे. स्पुटनिक वगैरे त्यांना माहीत असायचं कारण नाही, पण त्यांच्या कॅसेटमधली गाणी मला माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या गाण्यांइतकीच 'माझी' वाटतात.

म्हणून "आमच्या वेळची गाणी भारी" हा गाण्यांच्या दर्जाचा पुरावा नाही. पण ते खोटंही नाही. त्या माणसाच्या आयुष्यात ती गाणी खरोखरच जास्त जागा व्यापून असतात.

मग फसले का?

मला वाटतं, नाही. फसवणूक म्हणजे लपवाछपवी. या बँडने काहीच लपवलं नाही. आम्ही तुम्हाला वस्तू विकतोय हे गाण्यांच्या मधे जाहिरात वाजवून सांगितलं. आज फुकटच्या अ‍ॅपवर गाणी ऐकताना दर दोन-चार गाण्यांनंतर आपण तेच ऐकतो, फक्त त्यात विनोद उरलेला नाही. त्या सोळा वर्षांच्या मुलाने केसांचा तुरा उभा केला, घरी बोलणी खाल्ली, मित्राबरोबर रेकॉर्ड आणायला गेला. मथळ्यातला आकडा खोटा होता, पण ही दुपार खरी होती.

फसण्याची भीती मला दुसरीकडे वाटते. परिषदेसाठी गोषवारा लिहिताना माझाही हात 'क्रांतिकारी' या शब्दाकडे जातो. आमचे सर तो शांतपणे खोडतात. पूर्वी राग यायचा. आता २००८ चा तो तिसरा निकाल आठवतो: खोटे आकडे पुढे केले की लोक नुसतं चुकीचं गाणं निवडत नाहीत, गाणी घेणंच कमी करतात. बँडला एक उन्हाळा गाजवून विखुरणं परवडतं. विज्ञानाला ते परवडणारं नाही.

तर यावेळी घरी गेलात की आई-बाबांना त्यांच्या सोळाव्या वर्षीचं गाणं विचारा. ते चांगलं होतं का, हे विचारू नका. ते पहिल्यांदा कुणाबरोबर ऐकलं, हे विचारा. उत्तर लांबलचक येईल, तेवढा वेळ काढून बसा.