चावीच्या खेळण्यामागचे हात

मैत्रिणींनो, जत्रेतली पत्र्याची खेळणी आठवतात ना? चावी दिली की टुणटुण उड्या मारणारा बेडूक, पाण्यात फटफट करत जाणारी होडी! अशाच खेळण्यांचा एकेकाळी सातासमुद्रापार केवढा तरी मोठा धंदा होता.

लुई मार्क्स यांनी १९१९ मध्ये न्यूयॉर्कला खेळण्यांची कंपनी काढली. कमी पैशांत भरपूर खेळणं, हे त्यांचं सूत्र. अमेरिकेत त्यांचे मोठे कारखाने होते. पण महायुद्धानंतर त्यांनी जपानमध्येही खेळणी बनवून घेतली आणि 'लाइनमार' या नावाने अमेरिकेत आणून विकली. कारण सरळ होतं. जपानात मजुरी स्वस्त आणि १९४९ पासून एका डॉलरला तब्बल ३६० येन! मिकी माऊस, पॉपाय घरोघरी पोचले. डिसेंबर १९५५ मध्ये मार्क्स 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले.

आणि जपान? युद्धाने पार होरपळलेला देश. १९४५ च्या अखेरीस कोसुगे नावाच्या कारागिराने अमेरिकी सैनिकांनी फेकलेल्या डब्यांच्या पत्र्यातून चिमुकली जीप केली. क्योटोत ती दहा येनला विकली गेली. १९४७ मध्ये खासगी निर्यात पुन्हा सुरू झाली, आणि पुढे काही वर्षं मालावर 'व्याप्त जपान' असा छाप असे.

सपाट पत्र्यावर आधी रंगीत छपाई, मग साच्यात दाबून आकार, शेवटी पत्र्याचे कान खाचेत घालून दुमडायचे. यातलं बारीकसारीक काम घरोघरी जायचं. घरबसल्या नगावर मजुरी घेऊन केलेल्या कामाला जपानीत 'नाइशोकु' म्हणतात. ते करणाऱ्या बहुतेक बायकाच. खोक्यावर नाव लाइनमारचं; या हातांचं नाव कुठेच नाही.

पुढे प्लास्टिक आलं, जपानातली मजुरीही वाढली. १९७२ मध्ये मार्क्स यांनी कंपनी विकून टाकली. आज तीच खेळणी हौशी लोक भारी किमतीला घेतात.

हे वाचताना मला आमच्या बचत गटातल्या बायका दिसल्या. राख्या करतात, डझनावर मजुरी. दर ठरवतो व्यापारी, आणि 'घरीच तर बसून करता' हेही तोच ऐकवतो! म्हणून आम्ही आता दोन गोष्टी ठरवल्यात. किती वेळात किती नग झाले, ते वहीत लिहायचं. आणि दर एकटीने नाही, सगळ्यांनी मिळून बोलायचा. पहिल्याच बैठकीत कळलं, एका डझनाला दोन तास जातात. तुमच्या हातातल्या कामाला किती जातात, मोजलंत कधी?