सिमडीजेसन

सिमडीजेसन ही जेसन स्वरूपातील मोठ्या फाइलींमधील माहिती वेगाने वाचण्यासाठी सी++ भाषेत लिहिलेली मुक्त स्रोत लायब्ररी आहे. डॅनियल लेमिर आणि जेफ लँगडेल यांनी विकसित केलेली ही लायब्ररी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

तिचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात प्रोसेसरच्या एकाच आज्ञेने अनेक अक्षरे एकदम तपासून कंस, स्वल्पविराम व अपूर्णविराम यांची स्थाने नोंदवली जातात. दुसऱ्या टप्प्यात त्या स्थानांच्या आधारे मूल्ये वाचली जातात. ‘ऑन डिमांड’ पद्धतीत केवळ मागितलेले मूल्य वाचून उरलेला भाग ओलांडला जातो. त्यामुळे वेळ वाचतो. मात्र ओलांडलेल्या भागातील प्रत्येक चूक उघड होईलच असे नाही. फाइल पूर्णपणे निर्दोष असल्याची खात्री हवी असल्यास संपूर्ण मजकूर तपासणारी ‘डॉम’ पद्धत वापरली जाते.