विझलेली शेगडी निवलेली नसते

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात माळ्यावरची खापरं खाली उतरतात. चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर, खाली लाकडांचा जाळ आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत मोठी केलेली पुरणाची पोळी. पोळी टाकताना बाईचे हात तापल्या मातीच्या दोन-चार बोटं वरून जातात, पण खापराला बोट लागत नाही. खापर तापलंय की निवलंय हे ती नुसतं बघून ठरवत नाही. तिथं बघून काही कळतच नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक असतं.

आपल्यासारख्या अधूनमधून कोळसा पेटवणाऱ्यांना नेमकं हेच ठाऊक नसतं. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ढाब्यांत मातीचा तंदूर आहे, जुन्या घरांत आतून माती लिंपलेली शेगडी आहे आणि नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बाजूच्या फार्महाऊसवर थंडीत कोळशाची पार्टी असतेच. हौशी मंडळी आता झाकणाची, अंड्याच्या आकाराची सिरॅमिक ग्रिलही घेतात. मूळ जपानी कामाडो चुलीची ही वंशज. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी तिची आवड मायदेशी नेली आणि 1974 मध्ये अटलांटा शहरात सुरू झालेल्या बिग ग्रीन एग या कंपनीने ती जगभर पोचवली. रूप कुठलंही असो, खापर, तंदूर, शेगडी आणि कामाडो यांचा स्वभाव एकच: माती उष्णता धरून ठेवते, सावकाश सोडते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही. यांच्याशी वागताना होणाऱ्या बहुतेक चुका हा स्वभाव न ओळखल्यामुळे होतात.

“लाल दिसत नाही, म्हणजे फार तापलेली नाही”

हा सगळ्यात घातक गैरसमज. कुठलीही घन वस्तू अंधारात जेमतेम लालसर दिसायला लागते, ती साधारण 525 अंश सेल्सिअसला. भर दुपारच्या उजेडात तर त्याहून बरीच जास्त तापावी लागते. म्हणजे 400 अंशांवरची बिडाची जाळी आणि दुकानातून नुकतीच आणलेली जाळी डोळ्यांना सारखीच काळी दिसते. कोळशावरची उष्णता अडवायला कामाडोत मातीची जाड थाळी बसवतात, तिचंही तसंच. आता आपल्या कातडीचा हिशेब बघा. 60 अंशांच्या पृष्ठभागावर साधारण पाच सेकंद हात राहिला तर खोल भाजतं. 70 अंशांना एखादा सेकंद पुरतो. आपण ज्या जाळीला ‘कोमट असेल’ म्हणतो, ती बहुतेक वेळा याच्या कितीतरी पुढे असते.

मग ओळखायचं कसं? हाताची मागची बाजू वीतभर लांबून हळूहळू जवळ आणायची. झळ लागली की थांबायचं, पृष्ठभागाला टेकवायची नाही. स्वयंपाकासाठी मिळणारं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरायचो ती गन मात्र इथे चालत नाही, ती अंगाच्या तापापुरतीच बनवलेली असते.

“बाहेरून हात लागतो, म्हणजे आतही निवलंय”

माती उष्णतेची वाईट वाहक आहे, म्हणून तर तंदूर आणि कामाडो इतके काटकसरीने चालतात. मूठभर कोळशात तासन्‌तास काम होतं, कारण उष्णता भिंतीतून बाहेर पडत नाही. बाहेरची बाजू सुसह्य लागते ती याच कारणाने, त्यावरून आतल्या उष्णतेचा काहीच अंदाज येत नाही. चांगल्या चालत्या तंदूरच्या आतल्या भिंती 450 अंशांच्या आसपास पोचतात. झाकण लावून, हवेची भोकं बंद करून कोळसा विझवला तरी आतली जाळी, थाळी आणि विस्तवाची वाटी पुढे कित्येक तास हात लावण्याजोगी नसते. रात्री अकराला बंद केलेल्या ग्रिलमधून झोपण्यापूर्वी जाळी काढून धुऊ, हा बेत सोडून द्या. सकाळी धुवा. कामाडोच्या माथ्यावर हवेसाठी बिडाची टोपी असते, तीही फसवते. भांडं बाहेरून गार वाटतं म्हणून माणूस टोपी सरळ बोटांनी फिरवायला जातो आणि पोळतो, कारण आतला सगळा धूर तिच्यातूनच बाहेर पडत असतो.

“फडकं ओलं केलं की हात भाजत नाही”

हे आपल्याकडे इतकं मुरलंय की सांगूनही पटत नाही. पातेलं उतरवायला आजीने ओलं पोतेरं वापरलेलं आपण पाहिलेलं असतं. गंमत अशी की ते काही क्षण चालतंही, आणि तिथेच माणूस फसतो. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. कोरड्या फडक्याच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते, ती हाताचं रक्षण करते. फडकं भिजलं की त्या हवेची जागा पाणी घेतं. वर 300 अंशांची जाळी धरली, तर त्याच पाण्याची वाफ होऊन ती बोटांतच कोंडते. वाफेने भाजलेलं कोरड्या चटक्याहून खोल जातं. दोन्ही हातांत जाळी असल्यामुळे ती सोडायलाही जागा नसते, आणि पुढचा अपघात पायावर होतो.

त्यामुळे फडकं कोरडं आणि जाड हवं. खरं तर जाळी-थाळीसाठी फडकं वापरूच नये. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागात सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानांत वेल्डर वापरतात ते कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे मिळतात. तेच घ्यावेत. पण या हातमोज्यांबद्दलही एक भ्रम आहे: ते घातले की काहीही, कितीही वेळ धरता येतं असं वाटतं. हातमोजा फक्त वेळ देतो, तोही काही सेकंदांचा. उचलायचं, ठेवायचं, सोडायचं एवढंच त्यात बसतं. म्हणून जाळी उचलण्याआधी ती कुठे ठेवायची ते ठरलेलं हवं. कोरड्या विटांची जोडी किंवा लोखंडी तिवई जवळ मांडून ठेवा आणि वाटेतून पोरंटोरं, कुत्रं, खुर्च्या आधीच बाजूला करा. लाकडी टेबलावर ठेवाल तर टेबल जळेल, ओल्या फरशीवर ठेवाल तर मातीची थाळी तडकेल. माझा आग्रह याच्याही एक पाऊल मागे आहे: थाळी लागणार की नाही ते पेटवण्यापूर्वीच ठरवा, म्हणजे मधेच गरम थाळी काढायची वेळच येणार नाही. निखारे सरकवायला लांब चिमटा आणि सांडशी ठेवा. लांबी जितकी जास्त तितकं बरं.

कपड्यांचंही बोलायला हवं. पॉलिएस्टर, नायलॉन पेटण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. तंदूरच्या तोंडावर वाकायचं असेल तर सुती कपडे घाला. ओढणी आणि पदर खोचून घ्या.

“झाकण झटकन उघडलं की झळ कमी लागते”

उलट आहे. झाकण आणि भोकं बंद असताना आतल्या कोळशाला प्राणवायू पुरत नाही. तो अर्धवट जळतो आणि आत जळाऊ वायू साठतात. झाकण एकदम उघडलं की बाहेरची हवा आत घुसते, ते वायू पेट घेतात आणि ज्वाळा नेमकी उघडणाऱ्याच्या अंगावर येते. भुवया आणि हातावरचे केस जातात, नशीब वाईट असेल तर चेहरा भाजतो. ग्रिल 200 अंशांच्या वर असेल तर झाकण आधी दोन-तीन बोटं उचलायचं, चार-पाच सेकंद थांबायचं, हवा आत जाऊ द्यायची आणि मग सावकाश पूर्ण उघडायचं. तोंड बाजूला, उभं राहायचंही बाजूला. झाकलेल्या तंदूरलाही हाच नियम. मंद पडलेल्या निखाऱ्यांवर रॉकेल किंवा पेट्रोल ओतणं तर सरळ जिवावरचा खेळ आहे, कारण त्याची वाफ बाटलीपर्यंत पेटत येते. निखारे फुलवायला फुंकणी आहे, पंखा आहे, थोडा धीर आहे.

“पाणी मारलं की काम संपलं”

पाण्याची वाफ झाली की ते 1600 पटीहून जास्त जागा व्यापतं. निखाऱ्यांवर तांब्या ओतला की ती वाफ राखेसकट वर उसळते आणि ओतणारा वाकलेलाच असतो. तापल्या मातीवर गार पाणी पडलं तर ती तडकते, हे कुंभाराला विचारायलाही नको. पावसाळाभर ओलावा प्यायलेली शेगडी किंवा तंदूर पहिल्याच दिवशी भडक पेटवला तरी तडे जातात. आधी मंद विस्तवावर वाळवून घ्या. विझवायची खरी पद्धत म्हणजे हवा तोडणं: झाकण लावा, भोकं बंद करा आणि वाट बघा. कोळसाही वाचतो.

राखेच्या पोटात निखारा एक दिवस, कधी दोन दिवसही जिवंत राहतो. राख हे उत्तम पांघरूण आहे. संध्याकाळची राख पिशवीत भरून सकाळी घंटागाडीत टाकली, तर गाडीतला कागद आणि प्लास्टिक पेटू शकतं आणि त्यात भाजतो तो सफाई कामगार. झाकणाच्या लोखंडी डब्यात दोन दिवस राख ठेवा, मगच टाका.

“धूर नाही, म्हणजे धोका नाही”

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी चार-पाच अंशांच्याही खाली जातो. द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्या उघड्यावर असतात. तीच ऊब घेण्यासाठी शेगडी खोलीत आणून दार लावलं की जीव जातो. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. तंबू, बंद गॅरेज, काचा लावलेली बाल्कनी यांनाही हेच लागू. खिडकी थोडी उघडी ठेवणं पुरेसं नाही. पार्टीनंतर ‘जवळजवळ विझलेली’ ग्रिलही आत आणू नका.

एवढं करूनही कुणी भाजलं तर घरात पहिली धाव टूथपेस्टकडे, हळदीकडे, तुपाकडे, नाहीतर बर्फाकडे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी 10 लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या जखमांवर आधी असंच काहीतरी फासलेलं असतं. तुपाने उष्णता आतच कोंडते, टूथपेस्ट खाली काय झालंय ते डॉक्टरांना दिसू देत नाही, बर्फाने आधीच दुखावलेली कातडी आणखी मरते. भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका आणि चेहरा, हात, सांधे भाजले असतील, जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा भाजलेलं लहान मूल असेल, तर थेट दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108, अग्निशमन दलासाठी 101. हे दोन आकडे शेगडी जिथे पेटते तिथल्या भिंतीवर आजच लिहून ठेवा.