काचबिंदूचं ऑपरेशन आणि नंतरच्या फेऱ्या

बुलढाणा जिल्ह्यात डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की मोतीबिंदूच. 1976 साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पुढे शिबिरं गावोगाव पोचली. पट्टी सुटली की माणूस आपला आपण चालत घरी. काचबिंदूच्या वाट्याला असं कौतुक आलं नाही. त्यात ऑपरेशन कितीही साधलं तरी गेलेली नजर येत नाही, उरलेली टिकते एवढंच. खर्च करून आलेल्या घरच्यांना हे पटवणं डॉक्टरांना ऑपरेशनपेक्षा जड जातं.

ओपन अँगल काचबिंदूत डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी जाळी दिसायला उघडी असते, पण निचरा मंदावतो. दाब चढून नस सुकत जाते, दुखत मात्र काहीच नाही. 1909 च्या सुमारास मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट एलियट यांनी बुबुळाच्या कडेला आरपार छिद्र पाडायची पद्धत रूढ केली. पाणी निघे, कधी नको तितकं निघे, आणि त्याच वाटेनं जंतू शिरत. 1968 मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी छिद्रावर पांढऱ्या पडद्याचीच पातळ झडप ठेवली. हीच ट्रॅबेक्युलेक्टोमी, आजही मुख्य शस्त्रक्रिया. झडप केसाहून बारीक टाक्यांनी शिवतात, वरच्या पापणीखाली पाण्याचा फुगा उठतो. जखम भरून येणं एरवी चांगलं. इथं तेच नडतं, म्हणून मायटोमायसिन हे औषध लावून ते रोखतात.

खरी कसोटी नंतरच्या आठवड्यांत. दाब मोजायचा, टाका सैल करायचा, फुगा बसला तर सुईनं मोकळा करायचा. देऊळगाव राजाहून जालना त्यातल्या त्यात जवळ. संग्रामपूरकडच्या माणसाला अकोला गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, सोबत येणाऱ्याचीही. शिवाय तो फुगा जन्मभर जपायचा: सोयाबीनच्या मळणीत धूळ गेली म्हणून डोळा चोळला, तर वर्षांनंतरही संसर्ग आत जाऊ शकतो.

ट्रॅबेक्युलेक्टोमी फसलेल्या डोळ्यात पाणी बाहेर काढणारी नळी बसवतात. परदेशी नळ्या महाग. मदुराईच्या ऑरोलॅबनं 2013 मध्ये स्वस्त नळी आणली, हे मोठंच काम झालं. मोतीबिंदूसोबत बसवायचे इवले स्टेंटही आले, पण दाब बेताचाच उतरवतात आणि किंमत भारी.

माझ्या मते या जिल्ह्याच्या सोयीचा बदल लेझरचा. 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत आधी लेझर केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना तीन वर्षांनंतरही दाब उतरवणारे थेंब लागले नव्हते. चीर नाही, टाका नाही, काही मिनिटांचं काम. पण असर ओसरतो, म्हणून दाब तपासत राहावाच लागतो. आणि एक डोळा गमावूनच दवाखान्याची पायरी चढणाऱ्याला बहुधा लेझर पुरत नाही. त्याला ट्रॅबेक्युलेक्टोमीच सुचवतात, अकोल्याच्या फेऱ्यांसकट.